ताब्याआधीचे मामा

३ मार्च, सोमवार

आज दोन किल्ल्या दिल्या. दोन पुष्पगुच्छ, दोन फोटो आणि माझं तेच ते हसू. गालांना आता सवय झालीय, डोळ्यांना अजून नाही.

दुसऱ्या जोडप्यातला नवरा हॉलच्या भिंतीवरून हात फिरवत होता. प्रशिक्षणात शिकवलंय — ग्राहकाने भिंतीला हात लावला की आपणही लावायचा आणि म्हणायचं, "फिनिशिंग बघा!" लावला. म्हटलं. हाताला पांढरी भुकटी लागली, ती पाठीमागे ओढणीला पुसली. मग त्याने भीत भीत विचारलं, "ताबा घ्यायच्या आधी बाहेरच्या कुणाकडून घर तपासून घेतलं तर चालेल का हो? म्हणजे... एखादा इंजिनीअर वगैरे?"

पाठ केलेलं उत्तर दिलं — "नवीन घराला तपासणी कशाला? तपासणी जुन्याची करतात." बिचारा ओशाळला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू लग्नाच्या पंगतीत त्याने वाढप्याकडे बिल मागितलं!

हे उत्तर साहेबांचं. आम्ही त्यांना गुळगुळीत म्हणतो. टक्कल, बूट आणि बोलणं, तिन्हीवरून माशी घसरेल. परवाच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कुणी विचारतं का, दाढी कधी केलीस?" अर्थ कुणालाच कळला नाही. पण सगळ्यांनी लिहून घेतलं. मीसुद्धा.

५ मार्च, बुधवार

घरात बाँब. सासूबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं, "ताबा घ्यायच्या आधी मी घर तपासून घेणार. बाहेरचा माणूस आणून."

गुंता लिहूनच काढते, म्हणजे मला तरी नीट दिसेल. बी विंगमधलं सहाव्या मजल्यावरचं घर सासूबाईंनी घेतलं तेव्हा मी या कंपनीत नव्हते. घर त्यांच्या नावावर. नोकरी मला नंतर लागली. तीही नेमकी ताबा विभागात! आणि ऑफिसचा नियम असा, की कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी फ्लॅट घेतला असेल तर त्यांना ताबा सगळ्यात शेवटी. "घरचेच आहेत, बोंब मारणार नाहीत." म्हणून मी गप्प बसले. ऑफिसात माहेरचं आडनाव लावते, कुणाला पत्ता नाही.

आणि आता बोंब मारायला कोण निघालंय? घरचंच माणूस!

मी म्हटलं, "अहो आई, नवीन घराला तपासणी कशाला?" सवयीने तोंडातून गेलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. सासूबाई वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्या. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला. मला बघायला आल्या होत्या तेव्हाही मला वाटलं होतं की या मला तोलतायत.

"विकणाऱ्याचा काटा विकणाऱ्याकडेच झुकतो," त्या म्हणाल्या.

"पण आई, विकणारी म्हणजे मीच ना!"

"म्हणून तर."

नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणारे चष्मे विकता विकता स्वारी स्वतःच तशी झालीय. "तुम्हा दोघींचंही बरोबर आहे," म्हणाला आणि हात धुवायला उठला.

१० मार्च, सोमवार

सासूबाईंचा अर्ज ऑफिसात आला. माझ्याच टेबलावर! शिपायाने शिक्का मारून ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, बी विंगची कुणीतरी तापट बाई दिसतेय." दिसतेय म्हणजे? रोज सकाळी तिच्यासाठी चहा करते मी.

नमुना ठरलेला आहे. "माननीय ग्राहक, आपल्या भावनांचा आम्ही मनापासून आदर करतो. तथापि त्रयस्थ व्यक्तीकडून तपासणी करण्याची परवानगी कंपनीच्या धोरणात बसत नाही. ताब्याच्या वेळी आपण केवळ नातेवाइकांना सोबत आणू शकता." खाली माझी सही.

पर्समध्ये घालून घरी नेता आलं असतं. पण नाही — रीतसर पोस्टाने पाठवलं. नियम म्हणजे नियम.

१३ मार्च, गुरुवार

पत्र पोचलं. सुट्टी घेऊन घरी होते, नको तेव्हा! सासूबाईंनी चष्मा लावला, माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. मी भाजी निवडत होते. "'आपल्या भावनांचा आदर'... बरं. 'तथापि'... बरं. 'आपली विश्वासू'..." इथे थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विश्वासू? तू?"

"तसा नमुना आहे, आई."

"सही छान आहे हो." पत्राची घडी घातली. मग पुन्हा उघडलं, एका ओळीखाली बोट फिरवलं आणि गालातल्या गालात हसल्या. त्या हसल्या की मला धडकी भरते.

१७ मार्च, सोमवार

सासूबाई ऑफिसात अवतरल्या! इस्त्रीची साडी, हातात पिशवी. सरळ माझ्या टेबलासमोर. आणि गुळगुळीत साहेब नेमके मागे उभे.

"नमस्कार मॅडम. मी बी विंगची ग्राहक."

"बसा ना आजी," मी म्हटलं. काय करू, साहेब बघत होते!

"आजी कुणाला म्हणता?" असा आवाज काढला की शिपाई बाहेरच्या बाहेर थांबला. "तुमच्या पत्रात लिहिलंय, नातेवाईक आणता येतील. मी माझ्या भावाला आणणार आहे. शनिवारी. त्याला घरं बघायची फार हौस आहे."

माझ्या माहितीप्रमाणे सासूबाईंना भाऊ नाही. चार बहिणी आहेत, त्यातल्या दोघींशी बोलत नाहीत.

साहेब पुढे झाले. "अवश्य आणा! मामा म्हणजे घरातलं माणूस. या मॅडम स्वतः तुमच्यासोबत राहतील." आणि माझ्या कानात म्हणाले, "म्हाताऱ्याला चहा पाजा, बाल्कनीतून बाग दाखवा, वीस मिनिटांत बाहेर."

संध्याकाळी घरी पोचले. दार उघडता उघडता पहिलं वाक्य — "आजी म्हणालीस मला. चारचौघांत." जेवेपर्यंत दुसरा विषय नाही. भाऊ कुठून आणला हे विचारायचं राहूनच गेलं.

१८ मार्च, मंगळवार

विचारलं. भाऊ पैसे देऊन आणलाय. घरं तपासणारा इंजिनीअर आहे. नवरा म्हणतो, "म्हणजे माझे मामा. तुझे मामेसासरे. वाकून नमस्कार कर हं." आणि एकटाच हसत सुटला.

२२ मार्च, शनिवार

आज मामा आले. सगळं लिहायचंय. क्रमाने लिहिते.

मला वाटलं होतं, एखादा बारीक, अबोल माणूस असेल. कसलं काय! ढेरपोट, डोक्यावर खेळाडूची टोपी, मिशीला तेल, आणि तोंडाचा पट्टा फाटकापासूनच सुरू. "ताई, तुमच्या भावाने आजवर एवढी घरं फोडलीयत — म्हणजे दोष काढून हो! — की बिल्डर माझं नाव ऐकून पाणी पितात." लिफ्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुना काय, सगळीकडे सारख्याच."

सोबत वॉचमन होता, त्यामुळे मला नोकरी करणं भाग होतं.

मामांनी हॉलमधल्या भिंतीवरच्या भेगेवर बोट ठेवलं. "मॅडम, हे काय?"

"केसासारखी रेघ आहे सर. इमारत श्वास घेते."

"श्वास? आत बोट जातंय. हिला दमा झालाय."

बेडरूमचं दार लागेना. "लाकूड स्थिरावतंय," मी. खिडकीखाली ओल — "नव्या प्लास्टरचा घाम." लाकडी दांडक्याने फरश्यांवर टकटक करत गेले. टक, टक, टक, ठप्प. ठप्प. ठप्प. "खाली सिमेंटच नाही. जड कपाट ठेवलं की पापडासारखी मोडेल." बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जाईल तर शपथ! उंबऱ्यावरून डौलात बेडरूममध्ये आलं आणि सासूबाईंच्या चपलांपाशी थांबलं.

"यालाही काही नाव आहे का, मॅडम?" सासूबाईंनी विचारलं.

प्रशिक्षणात दिलेल्या उत्तरांच्या यादीत हे नव्हतं. मी म्हटलं, "पाणी स्थिरावतंय."

वॉचमनलासुद्धा हसू आलं. खरं सांगायचं तर मलाही मजा येत होती. वर्षभर ही वाक्यं बोलतेय. आज पहिल्यांदा ती कुणीतरी माझ्या तोंडावर परत मारली.

मग मामांनी खिशातून एक लहानसं यंत्र काढलं. प्लगसारखं, त्यावर तीन दिवे. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये खोचलं. तिसरा दिवा पेटलाच नाही. पाहिलं. काढलं. हॉलमध्ये खोचलं. मग बाथरूमच्या बाहेर. आणि मामा गप्प झाले.

टोपी काढली. स्क्रू काढून एक बोर्ड उघडला. आत हिरवी वायर होती, नवीकोरी. तिचं दुसरं टोक शोधत ते जिन्यातल्या मोठ्या पेटीपर्यंत गेले, पेटी उघडायला लावली, मग आम्हा सगळ्यांना घेऊन खाली मीटरच्या खोलीत. तिथे मोबाईलचा प्रकाश पाडून खूप वेळ बघत राहिले.

"हिरव्या वायरी सगळ्या घरांतून खाली येतात," ते म्हणाले. आवाज अगदी साधा झाला होता. "इथे त्यांची जुडी बांधून ठेवलीय. जमिनीत कुठेच गेलेली नाही. अर्थिंग नाही. तुमच्या घराला नाही असं नाही ताई — अख्ख्या विंगला नाही."

"म्हणजे?" सासूबाई.

"म्हणजे एखाद्याचा गीझर आतून बिघडला, वीज पाण्यात उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट नाही. मग जो नळाला हात लावेल त्याच्यातून जाईल."

"आणि वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच असतो ना?" हे मी विचारलं. माहितीपत्रकात लिहिलंय. मीच वाचून दाखवते.

"त्याची जागा आहे," मामा म्हणाले. "जागेवर झाकण आहे."

वॉचमनचं हसू गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ग्राहक म्हणून नाही. मी मात्र वर बघत होते, जिन्याकडे. बी विंगच्या किती घरांच्या किल्ल्या मी दिल्या? पहिल्या मजल्यावरचे आजी-आजोबा. चौथ्यावरची लेकुरवाळी. सगळ्यांसोबत माझा फोटो आहे. हसतानाचा.

२४ मार्च, सोमवार

मामांचा अहवाल सासूबाईंनी ऑफिसात दिला. गुळगुळीत साहेबांनी ठेकेदाराला बोलावलं, मलाही.

ठेकेदार म्हणतो, "हिरवी वायर टाकली होती ना साहेब. दिसायला पाहिजे होती, दिसतेय."

साहेब चिडले नाहीत. ते चिडतच नाहीत. "त्या बाईंच्या फ्लॅटपुरतं करून टाका. फरश्या, उतार, ती वायरसुद्धा, सगळं झकास. आणि मॅडम, त्यांच्याकडून समाधानपत्र घ्या. हे आपल्यातच राहील, अशी एक ओळ घाला."

"आणि बाकीची घरं, सर?"

"बाकी कुणी विचारलंय?"

"नाही, पण..."

"न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हा उद्धटपणा असतो, मॅडम."

ठेकेदाराने मान डोलावली. मीही डोलावली. मान माझीच होती, नाकारता येणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

समाधानपत्र घरी नेलं. या वेळी पर्समधून. सासूबाईंनी वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

नवरा म्हणाला, "आपलं तर होतंय ना सगळं..." मग आईचा चेहरा पाहिला, मग माझा. पुढचं वाक्य गिळलं. शहाणा आहे तसा.

सासूबाई म्हणाल्या, "दुकानात दहा काटे वाकडे सापडले. दुकानदार म्हणाला, बाई, तुमची साखर मी सरळ काट्यावर तोलून देतो. मी काय करायचं? साखर घेऊन घरी यायचं?"

"माझी नोकरी आहे, आई."

"मग तू सांभाळ. मी तुला काही म्हटलंय? मी जाते त्या लोकांकडे."

त्या गेल्याच, दुपारी. वॉचमनने फाटकावर अडवलं. ताबा न घेतलेल्या ग्राहकाला परवानगीशिवाय आत सोडायचं नाही. परवानगी कोण देतं? मी.

संध्याकाळी घरी आल्या. पाय सुजले होते. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

२६ मार्च, बुधवार

तीन ताबे. हसले.

२८ मार्च, शुक्रवार

चौथ्या मजल्यावरच्या लेकुरवाळीचं एक कागदपत्र द्यायचं राहिलं होतं. शिपायाला पाठवता आलं असतं. मीच गेले. का गेले, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

तिने दार उघडलं. केस ओले, कडेवर बाळ, टॉवेलात गुंडाळलेलं. कागद घेतला, थँक्यू म्हणाली, आणि दार लावता लावता —

"मॅडम, एक विचारू? हसू नका हं. गीझर लावला की नळाला हात लावताना मुंग्या आल्यासारखं होतं. नवीन घर आहे म्हणून असेल ना?"

उत्तर जिभेवर तयार होतं! "वायरिंग स्थिरावतंय." खरंच, तेच शब्द. बाळाने माझ्या ओळखपत्राची दोरी पकडली होती.

मी म्हटलं, "गीझर बंद करा. आत्ता. माझ्यासमोर करा."

"का?"

आणि मी सांगून टाकलं. दारातच उभी राहून. हिरवी वायर, जुडी, झाकण, सगळं. ती आधी गोंधळली, मग पांढरीफटक पडली, मग तिने समोरच्या दाराची बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. समोरच्यांनी वरच्यांना हाक मारली. बघता बघता जिना माणसांनी भरला. मला तेच तेच पुन्हा सांगावं लागलं — आधी हळू, मग मोठ्याने, शेवटी पायरीवर चढून.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले. "म्हणजे आम्ही इतके दिवस नशिबाच्या भरवशावर अंघोळ करतोय?"

"हो," मी म्हटलं.

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

लेकुरवाळी माझ्याकडे बघत होती. शनिवार ते शुक्रवार. ती बाळाला रोज अंघोळ घालते. तिचं ते बघणं माझ्यासोबत घरी आलं.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझं ताट वाढलं. बरं झालं नाही म्हणाल्या, वाईट झालं नाही म्हणाल्या. ताट मात्र त्यांनी वाढलं, लग्नानंतर पहिल्यांदा.

२९ मार्च, शनिवार

ऑफिसच्या दारात अख्खी बी विंग. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी सगळी कुंडली काढून दिली होती.

"ती म्हातारी तुमची सासू?"

"हो सर."

"मग ते मामा?"

"माझे मामेसासरे. म्हणजे... मानलेले. म्हणजे इंजिनीअर आहेत."

"म्हणजे आपण मला मामा बनवलंत!" हसले. मला वाटलं, आता काढून टाकणार. खुर्चीवरून अर्धी उठलेसुद्धा. पण साहेब काचेतून बाहेरच्या गर्दीकडे बघत होते. टकलावरून हात फिरवला. "छान झालं," म्हणाले.

मला त्यांचा इतका धसका कधीच बसला नव्हता.

१ एप्रिल, मंगळवार

आजची तारीख बघून मला वाटलं, चेष्टा आहे. नाही. फाटकावर मोठा फलक — "रहिवाशांच्या काळजीपोटी, कुणी न सांगता, आम्ही स्वतःहून! सुरक्षा पंधरवडा." फलकावर कडेवर बाळ घेतलेल्या बाईचा फोटो. गोरी, परदेशी बाई. खाली हिरव्या वायरीचं चित्र.

वायर मात्र खरीच घालतायत. अंगणात खड्डे खणले, तांब्याची पट्टी वरपर्यंत नेतायत, आणि प्रत्येक घरात तो स्विच. रहिवाशांनी अट घातली की आमच्या बाजूने मामा तपासतील. मामा घरोघर फिरतायत. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी गुडघ्याची गोष्ट. पण तीन दिवे पेटल्याशिवाय सही करत नाहीत. दोन घरी काम उखडून परत करायला लावलं. सासूबाई पदर खोचून मागे मागे. "माझा भाऊ" म्हणताना छाती फुगते त्यांची.

१२ एप्रिल, शनिवार

काम संपलं. मीटरच्या खोलीबाहेर समारंभ. गुळगुळीत साहेबांचा सत्कार! आजोबांनी भाषण केलं, "असा बिल्डर मिळायला भाग्य लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब नम्रपणे मान खाली घालून उभे, टकलावर फ्लॅश चमकतोय. लेकुरवाळीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढं एक बरं वाटलं.

मला 'सुरक्षा दूत' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझं नाव चुकलंय.

२१ एप्रिल, सोमवार

मामांना कंपनीत नोकरी लागली.

पुन्हा लिहिते, म्हणजे विश्वास बसेल. मामांना आमच्याच कंपनीत नोकरी लागली. माझ्या शेजारचं टेबल. त्यावर पाटी — 'स्वतंत्र तपासनीस'. ग्राहकाने बाहेरून कुणाला आणायची गरजच नाही. स्वतंत्र माणूस कंपनीने स्वतःच ठेवलाय! साहेब म्हणाले, "लोकांना तपासणी हवी होती ना? घ्या. आमच्याकडचीच घ्या."

मामा माझ्याकडे बघेनात. मग चहा मागवला, दोन कप. "आत राहूनच सुधारणा करता येते, सूनबाई," म्हणाले. पहिल्यांदाच सूनबाई म्हणाले.

घरी सांगितलं. सासूबाई बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मानलेला भाऊ. भाऊबंदकी मात्र सख्खी निघाली."

२६ एप्रिल, शनिवार

आम्हाला ताबा मिळाला. फरश्या बदलल्या, पाणी जाळीकडे जातं, दार लागतं. तरी सासूबाईंनी आणखी एकीकडून तपासून घेतलं. या वेळी पैसे देऊन बहीण आणली. तिने चहासुद्धा घेतला नाही. दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्यावरच सासूबाईंनी सही केली. माझ्याच टेबलावर.

"मॅडम, फोटो काढायचा नियम आहे ना?"

काढला. मी हसले. नवरा म्हणतो, या फोटोत तुझे डोळेही हसतायत. चष्मेवाला आहे, त्याला कळत असावं.

३ मे, शनिवार

मामांचा सी विंगचा पहिला अहवाल आला. एकच ओळ — "सर्व समाधानकारक." मी म्हटलं, "मामा, टकटक केलीत?" म्हणाले, "गुडघा फार दुखतोय गं."

९ मे, शुक्रवार

सी विंगचा एक ग्राहक. तरुण, एकटाच. "मॅडम, बाहेरच्या कुणाकडून तपासून घेऊ का?"

साहेब मागे उभे होते. मी ठरलेलं उत्तर दिलं, शब्दन् शब्द — "नवीन घराला तपासणी कशाला?" आणि बोलताना मान वरखाली हलवत राहिले. हो, हो, हो. तो आधी गोंधळला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

सोमवारी मावशीला घेऊन येतोय म्हणाला.

१५ मे, गुरुवार

या आठवड्यात चार मावश्या, दोन काका. साहेब म्हणतात, हल्ली लोक किती कुटुंबवत्सल झालेत!

२२ मे, गुरुवार

सकाळी बी विंगच्या नवव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा फोन. संतापलेले. डोक्याला साबण, हात नळावर, आणि अचानक वीज गेली, तो नवा स्विच आपोआप पडला. डोळ्यात साबण गेला. नवीन घर आणि ही तऱ्हा!

वायरमन जाऊन आला. गीझर आतून फुटला होता. वीज पाण्यात उतरली होती. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "मॅडम, दोन महिन्यांपूर्वी असतं तर..."

तक्रार नोंदवली — डोळ्यात साबण जाणे. माफी मागायला गृहस्थांना फोन केला. ते खूप ओरडले. धडधाकट, जिवंत माणूस ओरडतो तसे. मी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले.